धुळं पायी पाहताना



मागच्या हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बाया आमच्याकडे धुळ्याला अभ्यास भेटीला येणार, असं ठरलं. धरणगाव, पारोळा, एरंडोल भागातल्या अठ्ठावीस जणी. त्यांना आमचं पापडाचं काम दाखवायचं, हिशेबाच्या वह्या दाखवायच्या, जेवायला कळण्याची भाकर आणि ठेचा. एवढी तयारी आमची रोजचीच. पण दोन दिवस आधी त्यांचा निरोप आला : “दुपारून थोडं गावबी दाखवा. काय आहे तुमच्या धुळ्यात पाहण्यासारखं?”

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आमच्यातल्या काहींचा जन्म इथला, बाकीच्या लग्न होऊन आलेल्या. पण वीस-पंचवीस वर्षं याच गल्ल्यांतून दळण आणलं, पोरं शाळेत सोडली. पाहण्यासारखं काय, ते एकीलाही सांगता येईना. एक म्हणाली, “पाचकंदीलला नेऊ, साड्या घेतील.” आमच्यापैकी काहींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यात फ्रान्सची राज्यक्रांती होती, धुळं नव्हतं.

त्या वेळी ओळखीतल्या एका गृहस्थांना विनंती केली. त्यांनी उत्साहानं फिरवलं, आणि पहिल्याच चौकात सांगितलं की हे सगळं शहर विश्वेश्वरय्यांनी आखलं, म्हणून तर गल्ल्या इतक्या सरळ. पाहुण्या खूश झाल्या. आम्हीही वहीत लिहून घेतलं. नंतर आमच्यातल्या एकीनं वाचनालयात बसून जुनं गॅझेटिअर काढलं आणि वहीतलं ते पान खोडावं लागलं. विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीत लागले १८८४ साली. खानदेशाचं गॅझेटिअर छापलं गेलं १८८० साली, आणि त्यात ‘जुनं धुळं’ आणि ‘नवं धुळं’ असे दोन भाग आधीच आहेत. म्हणजे गल्ल्या आधी आणि विश्वेश्वरय्या नंतर. त्यांनी इथं काम केलं हे खरं : नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पांझरेच्या एका कालव्यावर त्यांनी नळाची वक्रनलिका बसवली होती. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या गावाला लागलं तर कोणाला आवडणार नाही? पण ज्याचं काम त्याच्या खात्यावर. गटाच्या वहीत आपण एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर लिहीत नाही, तसंच हे.

तिथून आम्हाला नाद लागला. रविवार-रविवार करत आम्ही गाव पायी पाहिलं, वाचलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. आज तुम्हाला त्याच वाटेनं घेऊन जातो.

सुरुवात पांझरेच्या उत्तर काठावर, देवपुरात, एकविरा आईच्या देवळापाशी. सकाळी सातला इथं उभं राहिलं की समोर नदी आणि पलीकडे गाव. पांझरा साक्री तालुक्यातल्या डोंगरातून येते आणि पुढे तापीला मिळते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही की हिनं कधी गाव बुडवलं असेल. पण १८७२ च्या सप्टेंबरात मोठा पूर आला आणि धुळ्यातल्या घरांचं फार नुकसान झालं. आता अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की काठच्या वस्तीत भोंगा वाजतो आणि आमच्यातल्या दोघी आधी गटाची पेटी माळ्यावर ठेवतात, मग गादी.

या नदीनं गावाला दुसरंही काही दिलं. पांझरेवर जागोजागी दगडी बंधारे होते, त्यातून पाट काढलेले, आणि पाटाखालच्या शेताचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले. त्या तुकड्याला म्हणायचं फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक फिरवायचं. प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन प्रत्येक फडात. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड पडीक ठेवायची वेळ आली, तर तोटा एकट्यादुकट्याच्या माथी बसत नसे, सगळ्यांच्या वाट्याला सारखा येई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. तीन-चारशे वर्षं हे चाललं, इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून. एरंडोलची एक मावशी हे ऐकून म्हणाली, “मग हा बचत गटच की!” आम्हाला ते आधी सुचलं नव्हतं, हे कबूल करतो.

आता पूल ओलांडून जुन्या धुळ्यात या. इथं गल्ली सरळ जात नाही. ती घराला वळसा घालते, पिंपळाला वळसा घालते, कुठं एवढी अरुंद होते की समोरून बाई घागर घेऊन आली तर आपण ओट्यावर चढायचं. गॅझेटिअरवाल्या साहेबानं इथली घरं वेडीवाकडी आणि बहुतेक गरिबाची, असं दोन ओळींत उरकलं आहे. पण धुळं मुळात हेच. आणि ते एकदा पूर्ण ओस पडलं होतं.

१८०२-०३ चे दिवस. यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवलेला, त्यावर दुष्काळ. १८०३ साली धुळ्यात माणूस उरला नाही. गाव सोडून सगळे निघून गेले. गाव सोडताना काय होतं ते पुस्तकात नाही, पण १९७२ च्या दुष्काळात आमच्या आयांनी खडी फोडली आहे. चूल मोडून निघणं म्हणजे काय ते घराघरात माहीत आहे. दुसऱ्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी गाव पुन्हा वसवलं. लळिंग आणि सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते, त्यांचा कारभार बाळाजीपंत धुळ्यात बसून पाहत. वसवण्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली. ज्या बाया परत आल्या आणि ज्यांनी पडक्या घराची भिंत पुन्हा शेणामातीनं लिंपली, त्यांना काय मिळालं याची नोंद नाही.

१८१८ साली पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला मोठा अधिकारी. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं आणि जिल्ह्याच्या मध्यावरचं म्हणून त्यानं धुळं निवडलं. १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधायला मंजुरी आणली, लांबलांबून कारागीर बोलावले. त्यानं लिहिलं आहे, तेव्हाचं धुळं म्हणजे बागायतीनं वेढलेलं, एका बाजूनं नदी आणि दुसऱ्या बाजूनं पाट यांच्यात कोंडलेलं लहानसं गाव. घरं ४०१, माणसं २,५०९. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं.

आणि मग त्या पाटाच्या कोंडीतून बाहेर, मोकळ्या जागेवर नवं धुळं आखलं गेलं. तेच आजचं आग्रा रोड आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्या. बाहेरगावच्या बायांना सगळ्यात गंमत वाटते ती इथं. धुळ्याचा माणूस पत्ता सांगताना देवाचं, पुढाऱ्याचं, कोणाचंच नाव घेत नाही : “गल्ली नंबर चार, मग उजवीकडे.” एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो. एक खोल गल्ली सोडली तर नंबरावरच सगळं भागतं. पारोळ्याच्या एका ताईनं विचारलं, “गल्लीला नंबर देतात? मग नावं संपली होती का तुमची?”

आमच्यातल्या एकीच्या मुलीनं मोबाईलवर एक शहर दाखवलं. मेक्सिको देशातलं मेरिदा. तिथं आधी माया लोकांचं त्हो नावाचं शहर होतं. १५४२ साली स्पेनच्या लोकांनी त्याच जागेवर आपलं शहर उभारलं आणि माया देवळांचे दगड काढून स्वतःच्या इमारतींना लावले. तिथल्या रस्त्यांनाही नंबर. एका दिशेचे सगळे सम, दुसऱ्या दिशेचे विषम. तिथं लोक पैसे देऊन पायी फिरतात आणि वाटाड्या सांगतो, हा दगड आधी कुठं होता. धुळ्यात तसं झालं नाही, इथं जुन्याच्या छातीवर नवं बांधलं नाही, शेजारी बांधलं. म्हणून दोन्ही अजून उभी आहेत आणि दहा मिनिटांत एकातून दुसऱ्यात जाता येतं. आम्हाला वाटतं, धुळ्याची पाहण्यासारखी गोष्ट हीच. वाकडी गल्ली संपते, सरळ गल्ली लागते, आणि पायाला ते कळतं.

नव्या गावात लोक यावेत म्हणून ब्रिग्जनं काय केलं ते नीट ऐका. घराला जागा कायमची फुकट, भाडं नाही. वर पक्कं घर बांधायला उचल. जुन्या रहिवाशालाही आणि बाहेरून येणाऱ्यालाही. व्यापारी आले, सावकार आले, कारकून-वकील आले. १८७२ पर्यंत माणसं १२,४८९ झाली. १८१९ च्या जवळजवळ पाचपट.

हे आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगत होतो. आमच्या गटात दोघी भिल्ल समाजाच्या आहेत. त्यातली थोरली, एरवी बैठकीत सही करून गप्प बसणारी, मागून म्हणाली, “बाई, फुकट जागा दिधी म्हनतस, ते कोनले?”

उत्तर आमच्याजवळ नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तिच्यासमोर सांगायचं धाडस नव्हतं. त्या रविवारी फिरणं तिथंच थांबलं.

मग पुढचे दोन महिने आम्ही तेवढंच शोधलं. ब्रिग्ज आला तेव्हा सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या डोंगरात भिल्लांच्या नाईकांची सत्ता होती. घाटवाटांवर त्यांचे हक्क होते, गावांकडून राखणीचा वाटा मिळायचा. आधीच्या धामधुमीत ते हक्क मोडले होते, माणसं मारली गेली होती. इंग्रजांनी आधी डोंगरातली रसद तोडली, फौजा पाठवल्या, शरण येईल त्याला तनखा कबूल केला. वर्षानुवर्षं ते धुमसत राहिलं. १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. आमच्या धरणगावच्या बाया हे ऐकून चमकल्या. त्यांनी त्यांच्या गावात ते नाव ऐकलं होतं, पण पलटण कोणाची आणि कोणाविरुद्ध, हे कधी जोडलं नव्हतं. म्हणजे ज्या सालांत सरळ गल्ल्यांत जागा वाटल्या जात होत्या, त्याच सालांत, त्याच कचेरीतून, डोंगरात दुसरं काही वाटलं जात होतं. १८५७ नंतर खाज्या नाईक, भीमा नाईक उठले. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली, आणि तिथं पकडलेल्यांत भिल्ल बाया होत्या, पुष्कळ.

पारोळ्याच्या बायांना त्यांच्या गावाचंही एक पान सापडलं. पारोळा झाशीच्या नेवाळकर घराण्याकडे होतं, राणी लक्ष्मीबाईंच्या सासरकडचं. १८२१ साली पारोळ्यात याच ब्रिग्जला मारण्याचा प्रयत्न झाला. पुढे १८५७ च्या उठावानंतर गाव झाशीवाल्यांकडून काढून घेतलं आणि किल्ल्याची मोडतोड केली. बसमधून धुळ्याला येताना रोज दिसणारा तो किल्ला पडका का, याचं उत्तर धुळ्याच्या कचेरीत होतं.

ब्रिग्ज वाईट होता की चांगला, यावर आमच्यात बराच वाद झाला. तो शिकलेला माणूस होता. फारसीतला फरिश्त्याचा मोठा इतिहास त्यानं इंग्रजीत आणला, १८२९ साली छापला. आपल्या लळिंगच्या, थाळनेरच्या फारुकी राजांची हकिकत त्यात आहे. त्यानं धुळ्याला रूप दिलं, हेही खरं. एकीनं म्हटलं, “सासरा चांगला होता की वाईट, हे थोरल्या सुनेला विचाराल तर एक, धाकटीला विचाराल तर दुसरं.” आम्ही तो वाद मिटवला नाही. दोन्ही सांगायचं ठरवलं.

गल्लीतच आम्ही आणखी एक गोष्ट करतो. कायमची फुकट जागा ज्यांना मिळाली त्यांत बाईच्या नावानं कितींना मिळाली असेल, असं विचारतो. मग आजचं विचारतो : राहतं घर जिच्या नावावर आहे तिनं हात वर करावा. पहिल्या खेपेला चाळीसेक जणींत तीन हात वर गेले. त्यातल्या दोघी विधवा होत्या.

आग्रा रोडनं पाचकंदीलपर्यंत गर्दीतून चालायचं, इथं जास्त बोलणं होत नाही, ज्यांना साड्या पाहायच्या त्या मागे राहतात आणि त्यांना बोलावून आणण्यात वेळ जातो. जळगाव-धुळ्याची जुनी चेष्टामस्करीही इथंच रंगते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तोवर जळगावकरांना कचेरीच्या कामाला धुळ्यालाच यावं लागायचं. पण रेल्वेची मोठी लाइन जळगाव-भुसावळवरून गेली. धुळ्याला चाळीसगावचा फाटा मिळाला तो थेट १९०० साली. त्या म्हणतात, “तुम्हाला साहेब मिळाला, आम्हाला गाडी.”

तिथून राजवाडे संशोधन मंडळ. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायी हिंडून जुनी दप्तरं गोळा करणारा माणूस. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यातून निघाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले, आणि त्यांचं दप्तर सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. मूर्ती आहेत, नाणी आहेत, पोथ्या आहेत. शेजारधर्मासारखं दुसरं एक ठिकाण म्हणजे समर्थ वाग्देवता मंदिर. नानासाहेब देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथं आहेत. देव नसलेलं, पोथ्यांचं देऊळ. तिथं पोथीवर वाळवी लागू नये म्हणून केवढी काळजी घेतात, ते पाहून आम्हाला शरम वाटली. आमच्या सगळ्यात जुन्या गटाची पहिली इतिवृत्त वही एकीच्या घरी कोठीत ठेवली होती, तिची वाळवीनं चाळण केली. पहिल्या वर्षी कोणी किती वाचवले, कोणी कर्ज कशासाठी घेतलं, सगळं गेलं. आता वह्यांचे फोटो काढून ठेवतो.

तुरुंग बाहेरूनच दाखवतो. १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून अठरा रविवार, विनोबांनी इथं कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली, आणि अमळनेरचे आपले साने गुरुजी ती उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झालं. एक बोलणारा, एक लिहिणारा. लिहिणारा नसता तर?

शेवटचा टप्पा पायी नाही, रिक्षानं. लळिंग. महामार्गाला लागून गाव, वर डोंगरावर किल्ला. फारुकी घराण्याच्या मलिक राजानं आपल्या थोरल्या मुलाला, नसीरखानाला, लळिंग दिलं आणि धाकट्याला थाळनेर. पुढे याच नसीरखानानं अशीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं. सगळ्यांना चढवत नाही, गुडघे दुखतात. ज्या चढतात त्यांना खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहायला मिळतात. जवळच लांडोर बंगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा इथं थांबले होते. दर वर्षी ३१ जुलैला त्या आठवणीत इथं यात्रा भरते, पावसात बायका पोरांना कडेवर घेऊन येतात.

लळिंगच्या पायथ्याशी आम्ही सगळ्या बसतो, शिदोरी सोडतो. इथून खाली धुळं दिसतं आणि उत्तरेला, हवा स्वच्छ असेल तर, सातपुड्याची निळी रेघ. इथलं सांगणं आता त्या थोरल्या भिल्ल बाईकडे आहे. आम्ही तिला कागद लिहून दिला होता, तिनं तो घडी करून कमरेला खोचला आणि कधीच काढला नाही. ती तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगते, मध्येच अंबापाणी येतं, मध्येच तिच्या बापाची वनपट्ट्याची फाईल येते. सालं चुकली तर आम्ही मागून हळूच सांगतो. एकदा ती वळून म्हणाली, “साल तुम्ही सांगा. माले बोलू द्या.”

माणशी साठ रुपये घेतो, शिदोरीसकट. त्यातले दहा गटात जमा, बाकी त्या दिवशी सांगणाऱ्या चौघींत वाटून. आतापर्यंत सात फेऱ्या झाल्या. पुढची फेरी येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, एकविरा आईच्या देवळापासून. पायात चप्पल नीट घाला, डोक्याला रुमाल आणा, पाण्याची बाटली आणा. साड्यांची खरेदी लळिंगहून परत आल्यावर.